खंडेनवमीचं चिलखत

"आपल्याकडे एखादी जुनी चटई आहे का?"

ढुंढिराज क्षेमकल्याणींनी हे विचारलं तेव्हा मालिनीताई मेथी निवडत बसल्या होत्या. जुडी हातातल्या हातातच राहिली. प्रश्नात तसं विशेष काही नव्हतं, पण ते एक अख्खं वाक्य होतं. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांनी 'हं', 'नको' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांत संसार भागवला होता. जन्मभर क्वालिटी खात्यात बसून माल मापायचा आणि नापास करायचा, हे त्यांचं काम. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन त्यांनी घड्याळ टांगलं आणि त्याच्याखाली खुर्ची ओढून बसले, ते बसलेच.

उपाय काही कमी झाले नव्हते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते नॉर्मल निघालं, म्हणजे माणूसही नॉर्मल असणार असं त्यांनी ठरवून टाकलं. शेजारच्या संपदाने समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स नुकताच पुरा केला होता आणि तिला सरावासाठी कुणीतरी हवंच होतं. तिने ढुंढिराजांना समोर बसवून मनातल्या भावनेला एखादा रंग द्यायला सांगितलं. ते 'बघू' म्हणाले. मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या नवसाबाईचा इलाज सगळ्यात सरळ होता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही भांडा त्यांच्याशी. गडी भांडाया लागला का आपसूक बोलतो." ताईंनी तेही करून पाहिलं. पण भांडणाला निदान दोन माणसं लागतात. ताई एकट्याच भांडल्या, एकट्याच रडल्या आणि शेवटी स्वतःच स्वतःची समजूत घालून कुकर लावायला उठल्या.

त्यामुळे त्या क्षणी ढुंढिराजांनी लग्नातली पैठणी मागितली असती तरी ताईंनी ती कात्रीसकट दिली असती. त्या मानाने चटई म्हणजे काहीच नाही. योगासनं करायची म्हणून हौसेने आणलेली फोमची जाड चटई माळ्यावर होती. ताईंचं आसन तिच्यावर एकदाच झालं होतं, तेही शवासन. त्यांनी ती झटकून, ओल्या फडक्याने पुसून नवऱ्यापुढे ठेवली. ढुंढिराजांनी खिशातून खडू काढला, चटईवर एक मोठा वक्र आखला आणि कटरने कापायला सुरुवात केली. काय करताय, असं ताईंनी विचारलं. उत्तर आलं, "छाती."

उलगडा झाला तो असा, की खुर्चीत बसून मोबाइल पाहता पाहता त्यांना कुठल्याशा परदेशातल्या एका पांढऱ्या दाढीवाल्या आजोबांचा व्हिडिओ सापडला होता. ते आजोबा असल्याच चटया कापून, हेअर ड्रायरने गरम करून, वाकवून, चिकटवून अंतराळातल्या सैनिकाचं चिलखत बनवत. सोबत किरणं सोडणारी बंदूक. आता निवृत्तीनंतर माणसं काय करतात? कुणी चारधामला जातं, कुणी होमिओपॅथी शिकतं, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतं. अंतराळात जायला निघालेले क्षेमकल्याणी त्यांच्या अख्ख्या घराण्यात हे पहिलेच. त्यांचे आजे-पणजे रामकुंडावर यजमानांना स्वर्गाचा रस्ता दाखवत, पण स्वतः कुणी गेले नव्हते.

बरं, गडी क्वालिटीचा. फोमच्या तुकड्याला तो व्हर्निअर लावायचा. फोम ही अशी वस्तू, की व्हर्निअर जरा आवळला की माप बदलतं. ढुंढिराजांना ते सहन होईना. उजवा खांदा डाव्यापेक्षा सूतभर मोठा निघाला म्हणून नापास झाला, दुसरा कडेला खरखरीत म्हणून नापास झाला. ताईंनी ते नापास खांदे गरम पातेल्यांखाली ठेवायला घेतले आणि पुढे घरात जेवणाचं टेबल कमी आणि खांद्यांचं प्रदर्शन जास्त, अशी अवस्था झाली. पण जेवताना ढुंढिराज आता बोलत. चिकटवायचं सोल्यूशन किती वेळ वाळवायचं, बगलेत फट का ठेवायची, गुडघा वाकतो कसा. ताईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या आमटी वाढता वाढता ऐकत राहायच्या आणि आणखी थोडं बोलावं म्हणून विचारायच्या, "मग गुडघा?"

बंदुकीच्या वेळी मात्र त्यांच्या सहनशक्तीचा कस लागला. नळाचा पाइप, शाम्पूची बाटली, गॅसचा लायटर इथपर्यंत ठीक होतं. एके दिवशी तुरीची डाळ कुकरमध्ये घातली आणि शिट्टी सापडेना. ओटा, मोरी, कचऱ्याची बादली सगळं धुंडाळून झालं. शिट्टी बंदुकीच्या नळीवर बसवलेली होती. तिथून म्हणे जास्तीची ऊर्जा बाहेर पडते. ताईंनी शांतपणे विचारलं, की आज डाळीची ऊर्जा कुठून बाहेर पडणार. त्यावर ढुंढिराज मनापासून हसले. ते हसणं इतक्या दिवसांनी ऐकलं, की ताईंनी त्या दिवशी डाळ पातेल्यात शिजवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नवी शिट्टी आणली.

मग रंगाचा दिवस आला. ढुंढिराजांनी गच्चीवर जाऊन सगळ्या तुकड्यांना चंदेरी स्प्रे मारला. वारा कुठल्या दिशेचा आहे हे त्यांनी पाहिलं होतं, फक्त त्या दिशेला काय आहे ते पाहिलं नाही. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी कारभारी खैरनार, म्हणजे आप्पा, यांच्या घरच्या कुरडया वाळत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या वर्ख लावल्यासारख्या झाल्या. आप्पा मूळचे सटाण्याचे. चिडले की त्यांची भाषा गावाकडे वळायची. त्यांनी एक कुरडई पुराव्यादाखल आणून ताईंच्या टीपॉयवर ठेवली. "वहिनी, हे काय शे? हे आम्ही तळानं का बँकेत ठेवानं?"

पाठोपाठ नोटीस आली, की गच्चीवर लष्करी साहित्याचं उत्पादन करता येणार नाही. करायचंच तर कमिटीची परवानगी, आणि परवानगी मिळायची तर काम कुठल्या सदरात बसतं ते कळवावं. नियमावलीत गच्चीवर फक्त तीन गोष्टी चालत होत्या. वाळवण, पाण्याची टाकी आणि गणपतीचं मखर. ढुंढिराजांना खोटं लिहिणं जमेना. ते दोन दिवस पेन घेऊन बसले आणि पुन्हा 'हं'वर येतात की काय अशी भीती ताईंना वाटू लागली. त्या उठल्या आणि स्वतः आप्पांकडे जाऊन म्हणाल्या, मखरच आहे, फक्त ते अंगात घालायचं आहे. आप्पांनी बराच विचार केला. शेवटी मखराला थर्माकोल वापरलं नसल्याबद्दल कमिटीच्या वतीने समाधान व्यक्त करून परवानगी दिली.

आता मालिनीताईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सबंध सिडकोत त्यांच्यासारखं लख्ख घर नव्हतं. डाग हा त्यांचा जन्माचा वैरी. शाईला दूध, तेलाला पीठ, रक्ताला गार पाणी, गंजाला लिंबू. बायका लांबून फोन करून विचारत, की ताई, बाळाच्या झबल्यावर आमरस सांडलाय, काय करू. त्यांच्या घरातला तवासुद्धा असा, की त्यात बघून टिकली लावावी. नवऱ्याचा हा सगळा उद्योग त्यांनी चालवून घेतला, पण बाल्कनीत. तिथे एक जुना पलंगपोस आडवा टांगला होता. त्याच्या आत ढुंढिराज, बाहेर स्वच्छता.

हैदराबादहून मुलीने, वल्लरीने, फोनवर बाबांचं बोलणं ऐकलं आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने गंगापूर रोडवरच्या एका वेशभूषा स्पर्धेत परस्पर त्यांचं नाव घातलं. स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ढुंढिराज हादरले आणि मग कामाला भिडले. पलंगपोसाआड आता काय चाललं होतं ते ताईंना दिसत नव्हतं. रंगाचा वास बाधेल म्हणून ते त्यांना आत येऊ देत नसत. म्हणायचे, "झालं की बघ."

खंडेनवमी उजाडली. या दिवशी कारखान्यात मशिनींची पूजा व्हायची आणि ढुंढिराज आपल्या व्हर्निअरला हळदकुंकू लावून, पेढ्याचा पुडा घेऊन घरी यायचे. गेल्या वर्षी या दिवशी ते घड्याळाखाली बसून होते आणि ताईंना त्यांच्याकडे बघवलं नव्हतं. या वर्षी ते वॉर्निश आणायला म्हणून बाहेर पडले आणि ताईंच्या मनात आलं, की मशीन नसली म्हणून काय झालं, याची हत्यारं आहेत की. त्यांची पूजा मांडू. येईल तेव्हा बघून बरं वाटेल.

त्यांनी पलंगपोस बाजूला केला. चिलखताची पार दशा झाली होती. खांद्यावर गंज चढलेला, छातीवर काजळी, पोटावर ओघळ, कडांना माती. बंदुकीची नळी तर जळकी. परतीच्या पावसाची झड आत आली असणार, वर कबुतरं. इतके महिने राबून बिचाऱ्याचं हे झालं, आणि परवावर स्पर्धा. आणि तो बोलला नाही मला, या विचाराने त्यांचे डोळेच भरून आले. मग त्यांनी पदर खोचला.

साबणाचं कोमट पाणी, मऊ काथ्या, कडांना जुना दातांचा ब्रश. सुदैवाने, असं त्यांना वाटलं, सगळं अगदी सहज निघत होतं. गंज गेला, काजळी गेली, ओघळ गेले. खाली चंदेरी रंग तसाच होता, आरशासारखा. त्यांनी सगळं सुती फडक्याने कोरडं केलं, पाटावर मांडलं, रांगोळी काढली, छातीवर, शिरस्त्राणावर आणि बंदुकीवर हळदकुंकू वाहिलं. नवसाबाईकडून झेंडू घेतला होता, त्याचा हार घातला. नवसाबाई दारातूनच म्हणाली, "देव बसल्यावानी दिसतंय, ताई."

ढुंढिराज आले. हातात वॉर्निशचा डबा. पाटासमोर उभे राहिले. मग डबा हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "छान." आणि जाऊन घड्याळाखाली बसले.

जेवताना गुडघ्याचा विषय निघाला नाही. ताईंनी काढून पाहिला, तर उत्तर आलं, 'हं'.

काय चुकलं ते सांगितलं संपदाने. ती पूजेचा फोटो काढायला आली होती आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. तिने मोबाइलवर त्या दाढीवाल्या आजोबांचा व्हिडिओ लावून दाखवला. चिलखत नवंकोरं दिसलं तर ते खोटं वाटतं. लढून आलेलं दिसावं म्हणून जाणकार माणसं महिनाभर खपून त्यावर गंज, धूर आणि मळ रंगवतात, आणि शेवटी तो पक्का करायला वर वॉर्निश मारतात. ताईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी मोरीकडे पाहिलं. ज्या हातांचं सबंध सिडको कौतुक करत होतं, त्याच हातांनी त्यांनी नवऱ्याचा आवाज साबणाच्या पाण्यात घालून मोरीत ओतला होता.

रागावला असता तर बरं झालं असतं. 'छान' म्हणाला. तो शब्द त्यांना रात्रभर बोचत राहिला.

दसऱ्याच्या सकाळी श्रीखंड झालं, पुऱ्या झाल्या, ढुंढिराज जेवून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रंग आणायचा तर ते दुकान सणाचं बंद, आणि आणला तरी ताईंना तो लावता कुठे येत होता? त्या बाल्कनीत त्या लखलखीत चिलखतासमोर बसून राहिल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की डाग घालवण्यात आयुष्य घातलेल्या बाईला, कुठला डाग जात नाही, हे या जगात सगळ्यात जास्त ठाऊक असतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेलात हळद कालवली आणि डोळे मिटून, कारण उघड्या डोळ्यांनी ते करवेना, बोट गळ्याच्या पट्टीवर ओढलं. पहिला डाग पडला. त्यांच्या अंगावर शहारा आला. दुसरा सोपा गेला. चहाच्या चोथ्याचं पाणी आटवून पोटावर सोडलं, त्याचे तपकिरी ओघळ उतरले. कच्च्या केळ्याचा चीक कोपरांना चोळला. डाळिंबाची सालं लोखंडी कढईत उकळली आणि ते काळं पाणी खांद्यावर थापलं. तो गंज ढुंढिराजांच्या गंजापेक्षाही खरा दिसत होता.

तेवढ्यात आप्पा आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आले. मालिनीताई क्षेमकल्याणी आपल्या हाताने एका स्वच्छ वस्तूवर डाग पाडताहेत, हे दृश्य पाहून त्यांचं सोनं हातातच राहिलं. ताईंनी न थांबता सगळं सांगितलं. आप्पा खाली गेले आणि मोटारसायकलच्या साखळीचं काळं ग्रीस वाटीत घेऊन वर आले. "हे लावा वहिनी. माझ्या लग्नातल्या पँटीवरून आजवर गेलेलं नाय." संपदा लोणच्याचा खार घेऊन आली आणि हा डाग बंदुकीला मानसिकदृष्ट्या योग्य आहे म्हणाली. मग सल्ल्यांना ऊत आला. आप्पांचं म्हणणं पडलं, की सैनिकाची पाठ जास्त मळते, संपदाला छाती महत्त्वाची वाटत होती, आणि ताई दोघांना दटावत होत्या, की हळू, सांडेल.

"तिथे नको."

तिघांनी मागे पाहिलं. ढुंढिराज दारात उभे होते. डोळे बारीक करून ते चिलखताकडे बघत होते, कारखान्यात माल यायचा तेव्हा बघत तसे.

"पाठीवर ग्रीस कसं लागेल? तिथे काही घासत नाही," ते म्हणाले. "ग्रीस सांध्यात हवं. आणि गंज वरून खाली नसतो येत, जिथे पाणी साचतं तिथून सुरू होतो. ही कड बघ, इथे. कढई आण ती इकडे. आणि हळद..."

ते हळदीपाशी अडले. हे आता नापास होणार, असं ताईंना वाटलं.

"हळद राहू दे," ढुंढिराज म्हणाले, आणि खाली मांडी घालून बसले. संध्याकाळी वॉर्निश मारून होईपर्यंत त्यांचं बोलणं काही थांबलं नाही.

स्पर्धेच्या दारात पहिला अपमान झाला. कार्यकर्त्या मुलीने त्यांच्या मनगटावर 'पालक' असा पट्टा बांधला आणि मुलगा कुठाय म्हणून विचारलं. ढुंढिराजांनी शिरस्त्राण बगलेत धरून ताठ मानेने सांगितलं, की स्पर्धक मीच. पुढे तपासणीच्या टेबलावर बंदुकीतून काही उडतं का, असा प्रश्न आला. ताई म्हणाल्या, उडत नाही, फार तर शिट्टी होईल. आत सगळी पोरंसोरं, कुणाला पंख, कुणाच्या डोळ्यांत निळे दिवे. त्यांच्यात ढुंढिराज चालले की फोडणीचा मंद वास येई आणि लोक वळून बघत.

ताई शेवटून तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. नाव पुकारताना निवेदकाची क्षेमकल्याणीपाशी दमछाक झाली. ढुंढिराज रंगमंचावर आले. परीक्षक तरुण होता. त्याने खांदा निरखला, वाकून छाती पाहिली, जरासा वासही घेतला आणि माईक पुढे केला. हा योद्धा कोण, त्याची गोष्ट सांगा, असं तो म्हणाला.

ढुंढिराज गप्प. ताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. बक्षीस गेलं खड्ड्यात, फक्त बोला, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

"हा एका लांबच्या चौकीवर ड्यूटीला होता," अखेर ढुंढिराज म्हणाले. आवाज आधी चिरकला, मग सरळ झाला. "येणारं-जाणारं तपासायचा. मग चौकीला त्याची गरज राहिली नाही. तेव्हा तो घरी आला. एवढीच गोष्ट."

परीक्षकाने मान हलवली. "आणि हे डाग? एवढे अस्सल डाग आज कुणाच्याच चिलखतावर नाहीत. कुठल्या लढाईतले आहेत?"

"लढाईतला एकही नाही," ढुंढिराज म्हणाले. "चौकीवर सगळं मापात होतं, तिथे डाग पडत नसे. हे घरी आल्यावरचे आहेत."

आणि मग त्यांनी एकेक डाग दाखवायला सुरुवात केली. हे ग्रीस खालच्या मजल्यावरच्या आप्पांचं, हा खार शेजारच्या संपदाचा. निवेदकाने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माईकला हात घातला. ढुंढिराजांनी माईक सोडला नाही. ते आता गंज कुठून सुरू होतो ते समजावून सांगत होते.

बक्षीस कुणाला मिळालं ते ताईंना विचारू नका, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. शेजारी निळे पंख लावलेली एक मुलगी आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. तिने मान वळवून विचारलं, "काकू, ते आजोबा तुमचे का?"

मालिनीताईंनी पदराने डोळे पुसले. पदरावर काजळ उतरलं, ते त्यांना दिसलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"त्यांच्या गळ्याशी हळदीचा डाग आहे ना," त्या म्हणाल्या, "तो माझा."